पाळीच्या तारखांवर किती भरवसा ठेवावा? गोळ्या आणि तांबी दोन्ही सोसत नाहीत

कृष्णाकाठ | रात्री ११.२०

नमस्कार. वय ३२, राहायला सांगलीजवळ. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. दुसरं मूल हवं की नको हे अजून ठरलेलं नाही, पण पुढची दोन वर्षं नको हे आमचं दोघांचं पक्कं आहे.

मुलगी झाल्यावर रोजच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. मला आधीपासून अर्धशिशीचा त्रास आहे. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या चमकत्या रेषा येतात. डॉक्टरांना हे सांगितल्याबरोबर त्यांनी त्या गोळ्या बंद करायला लावल्या. असा त्रास असताना इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी मेंदूत गुठळी होण्याचा धोका वाढतो म्हणाल्या. मग तांबी बसवली. पाळी चार दिवसांची आठ दिवसांवर गेली, रात्रीत दोन-दोनदा चादर बदलावी लागायची. सात महिन्यांत हिमोग्लोबिन ९ वर आलं, तेव्हा काढून टाकली. निरोध आहेच, पण यांना तो आवडत नाही आणि रोजचा वाद मला नको झालाय.

आता मोबाईलमध्ये पाळीचं अॅप घेतलंय. आठ महिन्यांच्या तारखा भरल्या. पाळी टू पाळी अंतर असं आहे: २७, २९, २८, ३१, २७, २८, ३३, २९. अॅप म्हणतं दहाव्या ते सोळाव्या दिवसापर्यंत सांभाळा, बाकी दिवस हिरवे. माझी मैत्रीण म्हणते इतकं काही बघायला नको, पाळीच्या आधीचे सात आणि नंतरचे सात दिवस काही होत नाही, त्यांचं सहा वर्षं असंच चाललंय.

दोघींचं ऐकून मी जास्तच गोंधळलेय. हे खरंच चालतं का? कोणी वर्षानुवर्षं केलंय का? आणि अजून एक, विचारायला थोडा संकोच वाटतो. महिन्याच्या मधे मला अंगावरून पांढरं जातं. सासूबाई म्हणतात अशक्तपणा आहे, डिंकाचे लाडू खा. त्याचा याच्याशी काही संबंध असतो का?

मोगरी | रात्री ११.५२

मैत्रिणीचं ऐकू नकोस एवढंच कळकळीने सांगते. आमचाही सात-सात दिवसांचाच हिशोब होता. माझा धाकटा त्याच हिशोबात राहिला. आज तो आठ वर्षांचा आहे, माझा जीव आहे. पण तेव्हा मोठी जेमतेम चौदा महिन्यांची होती, सिझेरियनचा टाका अधूनमधून दुखायचा आणि मला ते बाळंतपण नको होतं. त्या नऊ महिन्यांत मी किती रडले ते मलाच माहीत.

रानजाई | सकाळी ६.१५

कृष्णाकाठ, मी केलंय. अकरा वर्षं, २०११ ते २०२२. मी आता ४४ ची, नाशिकला असते. अकरा वर्षांत एकदा चुकलं, तेही सगळं सांगते. सविस्तर लिहिते, कारण ही गोष्ट अर्धी सांगितली की नुकसान होतं.

आधी तुझ्या आकड्यांकडे बघू. बाईचं बीज पाळी आल्यानंतर अमुक दिवसांनी सुटतं असं आपण धरतो, तिथेच घोळ होतो. ते पुढची पाळी यायच्या साधारण चौदा दिवस आधी सुटतं. बीज सुटल्यानंतरचा काळ बहुतेक बायकांत फारसा बदलत नाही, बदलतो तो आधीचा. म्हणजे पाळी २७ दिवसांची असेल तर बीज तेराव्याच्या आसपास, ३३ दिवसांची असेल तर एकोणिसाव्याच्या आसपास. सुटलेलं बीज फार तर चोवीस तास टिकतं. पण पुरुषाचं बीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. म्हणून धोका सहा दिवसांचा: बीज सुटायच्या आधीचे पाच आणि तो एक.

आता तुझं अॅप काय करतंय बघ. तुझ्या आठ महिन्यांची सरासरी २९ येते. त्यातून चौदा वजा करून ते पंधरावा दिवस धरतंय आणि त्याच्या आजूबाजूचे दिवस लाल करतंय. पण ज्या महिन्यात तुझी पाळी ३३ दिवसांनी आली, त्या महिन्यात धोक्याचे दिवस चौदा ते एकोणीस होते. अॅपने तुला सतरा, अठरा, एकोणीस हिरवे दाखवले असते. अख्ख्या महिन्यातले सगळ्यात धोक्याचे दिवस त्यातच आले. तुझं शरीर सरासरीने चालत नाही, ते त्या-त्या महिन्याने चालतं.

आणि मैत्रिणीचे नंतरचे सात? पाळी पाचव्या दिवशी थांबली तर ते सहा ते बारा होतात. तुझ्या २७ दिवसांच्या महिन्यात आठव्यापासूनच धोका सुरू. आधीचे सात तर मोजायचे कसे? पाळी कधी येणार हे आधी कळलं तर ना.

कॅलेंडरचा जुना नियम असा: निदान सहा महिन्यांच्या नोंदी घ्यायच्या, सगळ्यात छोट्या अंतरातून १८ वजा करायचे आणि सगळ्यात मोठ्यातून ११. तुझे येतात ९ आणि २२. मी १८ च्या ऐवजी २० वजा करायची, म्हणजे तुझ्या बाबतीत ७ ते २२. सोळा दिवस. अर्धा महिना गेला म्हणशील, तर हो, गेला. नुसत्या तारखांवर चालायचं असेल तर इतकी किंमत आहे.

म्हणून मी नुसत्या तारखांवर कधीच चालले नाही. आणि इथे तुझ्या त्या संकोचाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. महिन्याच्या मधे अंगावरून जातं तो अशक्तपणा नव्हे. बीज सुटायचं असलं की गर्भाशयाच्या तोंडाशी तो स्राव तयार होतो, आणि पुरुषाचं बीज त्याच्याच आधाराने जगतं. पाळी संपल्यावर काही दिवस कोरडं वाटतं. मग दाट, चिकट, पिठाच्या खळीसारखं. मग एक दिवस असा येतो की लघवीला गेल्यावर पुसताना हात घसरतो. पारदर्शक, दोन बोटांत धरलं तर तार निघते. पुस्तकात अंड्याच्या पांढऱ्याची उपमा असते. आमच्या घरात अंडं कधी आलं नाही, मी वहीत 'अळशी' लिहायची. अळशी पाण्यात भिजवून ठेवली की जे सुटतं ना, हुबेहूब तसं. अळशीचे दिवस म्हणजे दार उघडं. (खाज, आग, वास, दह्यासारखे कण किंवा हिरवट-पिवळं असलं तर तो वेगळा विषय, तो जंतुसंसर्ग असू शकतो. डॉक्टरांना दाखव, लाडवाने जाणार नाही.) लहानपणापासून आपल्याला एकच वाक्य सांगितलं, 'पांढरं जाणं वाईट'. त्या एका वाक्याने किती बायका आपल्याच शरीराची इतकी उघड खूण आयुष्यभर आजार समजत राहिल्या, याचा मला अजून त्रास होतो.

दुसरी खूण तापमान. बीज सुटल्यावर शरीर थोडं गरम होतं, ते पुढच्या पाळीपर्यंत गरमच राहतं. फरक अगदी थोडा, अर्धा अंश फॅरनहाइटच्या आसपास. म्हणून सकाळी जाग आल्याबरोबर, उठायच्या आधी, बोलायच्या आधी, चहाच्या आधी मोजायचं. आधी निदान तीन-चार तास सलग झोप झालेली हवी. माझ्या उशीखाली थर्मामीटर असायचा. दुधाची पिशवी साडेपाचला दाराला लागायची, त्या आवाजाने जाग यायची, डोळे मिटलेलेच ठेवून जिभेखाली धरायचा. बीप वाजला की मग दिवा. मी साधा डिजिटल वापरला, दोन दशांशांपर्यंत दाखवणारा मिळाला तर तो घे.

एक महिना वहीतून जसाच्या तसा उतरवते:

११ वा: ९७.२, कोरडं. १२ वा: ९७.२, खळ. १३ वा: ९७.३, अळशी. १४ वा: ९७.१, अळशी. १५ वा: ९७.३, अळशी, ओटीपोटात उजवीकडे टोचलं. १६ वा: ९७.२, खळ. १७ वा: ९७.७, कोरडं. १८ वा: ९७.८. १९ वा: ९७.९.

वाचायचं असं. शेवटची अळशी पंधराव्याला, त्यानंतर पूर्ण तीन दिवस जायला हवेत. तापमान सलग तीन दिवस आधीच्या सहाही दिवसांच्या वर हवं, आणि तिसऱ्या दिवशी निदान ०.४ ने वर. दोन्ही जुळलं की तिसऱ्या चढत्या दिवसाच्या रात्रीपासून मोकळं. इथे एकोणिसाव्याची रात्र. तिथून पाळी येईपर्यंत मला कधी भीती वाटली नाही. पाळीचे पहिले पाच दिवसही आम्ही मोकळे धरायचो, कारण माझी पाळी वर्षभरात कधी २६ दिवसांच्या आत आली नव्हती. मधले सगळे दिवस एकतर निरोध, नाहीतर नाही. बीज सुटून गेलं हे शरीर सांगतं. सुटणार कधी, हा शेवटपर्यंत अंदाजच. तारखा आणि अॅप नेमका तो अंदाजच खात्री म्हणून हातात देतात.

आता चुकलं ते. २०१४ चा पावसाळा. मुलगा पाच वर्षांचा. तेराव्या दिवशी मला ताप भरला. सकाळी १००.४, दुसऱ्या दिवशी ९९.६, तिसऱ्या दिवशी ९८.४. मी ते आकडे वहीत लिहिले आणि सोळाव्या दिवशी वही बघून नवऱ्याला म्हटलं, तीन दिवस वर आहेत, झालं. तापाचे आकडे मी चढलेलं तापमान म्हणून मोजले. सतराव्याला अळशी होती, तीही वहीत लिहिलेली आहे, माझ्याच अक्षरात. मला वाटलं तापाने आलेला थकवा. इतकी वर्षं वाचलेलं सगळं एकीकडे, आणि 'पांढरं जाणं वाईट' हे एक वाक्य डोक्यात बसलेलं, ते वर आलं.

पाळी आली नाही. छत्तिसाव्या दिवशी घरीच टेस्ट केली, दोन रेषा. तेव्हा नवऱ्याची नोकरी गेलेली, सासरे अंथरुणावर. आम्ही दोघांनी ठरवून सातव्या आठवड्यात डॉक्टरांकडून गोळ्या घेऊन गर्भपात केला. पहिल्या दवाखान्यात मला नवऱ्याची सही मागितली. मी तिथून उठले. १९७१ च्या कायद्याप्रमाणे सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, ती सही मागायचा त्यांना अधिकार नव्हता. साधन फसलं हे कारणही त्या कायद्यात आहे. तेव्हा ते लग्न झालेल्या बाईपुरतंच लिहिलेलं होतं, २०२१ च्या दुरुस्तीनंतर ती अट गेली. दुसऱ्या डॉक्टर बाईंनी शांतपणे सगळं समजावलं. ते दिवस मी विसरलेले नाही. तो महिना वहीत आहे, त्यावर मी आडवी रेघ मारली आहे.

तेव्हापासून नियम: तापाचे, जागरणाचे, प्रवासाचे आकडे लिहायचे पण कंस करून बाजूला ठेवायचे, मोजायचे नाहीत. शंका आली तर दार उघडं धरायचं. २०१६ ला मुलगी हवी होती, तेव्हा हीच वही उलटी वापरली. अळशीचे दिवस गाठले, दुसऱ्या महिन्यात दिवस गेले. दोन वर्षांपूर्वी माझी पाळी कधी २४ वर तर कधी ३८ वर जायला लागली, तेव्हा वही बंद केली. पाळी जायच्या वयात या खुणा वाचणं अवघड होतं. आता निरोधच.

सिस्टर_निवृत्त | सकाळी ९.४०

रानजाईने लिहिलंय ते बरोबर आहे. मी पस्तीस वर्षं आरोग्य सेविका होते, बहुतेक सातारा जिल्ह्यात. काही गोष्टी जोडते.

पहिला दिवस कुठला? गावागावात मी हा प्रश्न विचारायची आणि अर्ध्या बायका चौथा दिवस सांगायच्या. डोक्यावरून पाणी घेतलं, स्वयंपाकघरात गेलं, तिथून मोजायचं अशी पद्धत. तसं मोजलं की सगळा हिशोब तीन दिवसांनी पुढे सरकतो, आणि या हिशोबात तीन दिवस म्हणजे सगळं काही. रक्त नीट सुरू झालं तो पहिला दिवस. बाहेर बसा, आत बसा, दिवस तोच.

आकडे सांगते म्हणजे डोळे उघडे राहतील. शंभर बायकांनी एक वर्ष वापरलं तर, रोजच्या व्यवहारातल्या चुका धरून, निरोधमध्ये सुमारे १३ जणींना दिवस राहतात. खुणा आणि तारखा पाहायच्या ज्या पद्धती आहेत त्यांत, कुठली पद्धत आणि किती कसोशीने यावर, २ पासून २३ पर्यंत. इतकी तफावत दुसऱ्या कुठल्या साधनात नाही. स्राव आणि तापमान दोन्ही मिळून, शिकून केलं तर त्यातला कमी आकडा. तांबीत शंभरात एकीपेक्षाही कमी.

तारखांचीच पण सोपी एक पद्धत आहे. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन विद्यापीठाने काढलेली. ज्यांची पाळी कायम २६ ते ३२ दिवसांत येते त्यांनी आठव्यापासून एकोणिसाव्यापर्यंत टाळायचं. ३२ मण्यांची माळ असते, लाल मणी पहिला दिवस, पांढरे धोक्याचे, तपकिरी मोकळे, त्यावर रबराचं कडं रोज एक मणी पुढे सरकवायचं. आपल्याकडे झारखंडात ती मालाचक्र नावाने वापरली गेली. वर्षात दोनदा पाळी या मर्यादेबाहेर गेली तर ती पद्धत सोडायची. कृष्णाकाठ, तुझी आठ महिन्यांत एकदा ३३ झालीच आहे, म्हणून मी तुला ती सुचवणार नाही.

पीसीओडी असेल, नुकतंच बाळंतपण झालं असेल, गोळ्या किंवा इंजेक्शन नुकतंच बंद केलं असेल, तर पाळी स्थिर होईपर्यंत यातलं काही धरू नये. अंगावर पाजत असताना पहिले सहा महिने वेगळा नियम आहे: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, आणि पाळी परत आलेली नाही. तिन्ही असतील तरच. तिसरीकडे लक्ष ठेवून बसतात आणि पहिल्या दोन विसरतात, असं मी शेकडो वेळा पाहिलंय.

आणि जिच्या घरी 'नाही' म्हटलेलं ऐकलं जात नाही, तिने ही पद्धत करूच नये. हे मी मुद्दाम लिहिते. माझ्या गावात एक जण नोंदी इतक्या सुंदर ठेवायची की आम्ही सभेत तिची वही दाखवायचो. नवरा पिऊन यायचा. तिला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा वहीत त्या रात्रीच्या तारखेवर तिने लाल फुली केलेली होती. तिला सगळं माहीत होतं. तिला मी आधीच इंजेक्शन सुचवायला हवं होतं, ती चूक माझी.

गडबड झालीच तर तातडीची गोळी बहात्तर तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. पण ती घेतली की पाळी पुढेमागे होते, त्या महिन्याच्या नोंदीवर काही ठरवू नका. दर महिन्याला घ्यायची ती गोष्ट नाही.

कृष्णाकाठ, डॉक्टरांना अजून दोन गोष्टी विचार. सरकारी दवाखान्यात 'छाया' गोळी मिळते, त्यात हार्मोन नसतं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. आणि हार्मोन असलेलं एक साधन तांबीसारखंच आत बसवतात, त्याने रक्तस्राव वाढत नाही, उलट कमी होतो. तुझ्या अर्धशिशीला चालेल का ते तपासून त्या सांगतील. तांबी सोसली नाही म्हणजे सगळंच संपलं असं नाही.

जुनं_कपाट | दुपारी १.०५

थोडं जुनं सांगतो, कारण यात आपल्या मुलखाचा वाटा मोठा आहे. बीज पुढच्या पाळीच्या आधी ठरावीक दिवसांनी सुटतं हे जपानच्या ओगिनो यांनी १९२४ मध्ये मांडलं, आणि त्याच दशकात ऑस्ट्रियाच्या क्नाउस यांनी स्वतंत्रपणे. त्याआधीच, १९२१ मध्ये, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यांचा जोर साधनांवर होता. उलट टोक वर्ध्याला. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर तिथे गांधीजींना भेटल्या. गांधीजींचा साधनांना विरोध कायम राहिला, संयम हाच मार्ग म्हणाले, पण सुरक्षित दिवसांची पद्धत त्यांना इतर साधनांइतकी खटकली नाही. पुढे आरोग्यमंत्री झालेल्या राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्याच विचारातल्या. १९५२ मध्ये सरकारने कुटुंब नियोजन हाती घेतलं तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पहिले प्रयोग याच पद्धतीचे झाले, म्हैसूर राज्यातल्या रामनगरमला आणि दिल्लीच्या लोदी कॉलनीत. तिथेही बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या होत्या. फार काही हाती लागलं नाही आणि सरकार दुसऱ्या साधनांकडे वळलं. मला वाटतं चूक माळेची नव्हती. संयमाचा उपदेश करायचा म्हणून ती बायकांच्या हातात दिली गेली. सिस्टरबाईंनी सांगितलेली ती वही वाचून हेच आठवलं.

रात्रपाळी | दुपारी ३.३०

ताई, पुरुषाची बाजू सांगतो. मी चाकणला कंपनीत फिटर आहे. चार वर्षं आमच्या घरी ही वही मी लिहितो.

सुरुवातीला बायकोच लिहायची आणि मला 'आज नको' एवढंच कळायचं. मला ते नाकारल्यासारखं वाटायचं, चिडचिड व्हायची. एकदा ती माहेरी गेली होती, तेव्हा मी ती वही काढून पहिल्यापासून वाचली. एका महिन्यात तापमान चढायलाच तयार नाही, पंधरा, सोळा, सतरा, अठरा... आणि प्रत्येक ओळीपुढे तिने बारीक अक्षरात लिहिलेलं, 'भीती वाटते'. तिने हे मला कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी त्या दिवसापासून ठरवलं की सकाळचा आकडा मी बघणार आणि मी लिहिणार. ती थर्मामीटर माझ्या हातात देते. रात्रपाळी असली तर कामावरून आल्यावर लिहितो, ती चिठ्ठीवर आकडा ठेवते.

आता 'आज नको' हे तिला म्हणावं लागत नाही, मला दिसतंच. आणि 'मी सांभाळतो, तू काळजी करू नको' हे वाक्य आम्ही घरातून काढून टाकलंय. ऐनवेळी बाहेर काढून घेणं ही पद्धत नाही. मधल्या दिवसांत निरोध, त्यावर चर्चा नाही. तुमच्या मिस्टरांना आवडत नाही म्हणता. त्यांना रानजाईताईंची पोस्ट वाचायला द्या, तो २०१४ चा भाग सुद्धा.

कृष्णाकाठ | रात्री १०.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. रानजाईताई, तुम्ही तो पावसाळ्याचा महिना लिहिलात, त्यासाठी विशेष. मी दुपारी ऑफिसातच वाचलं आणि थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहिले.

अॅप काढून टाकलं नाही, पण त्याचे हिरवे दिवस बघणं बंद. माझ्या आधीच्या तारखा कालनिर्णयवर गोल करून ठेवलेल्या आहेत, गॅस कधी लावला, दूधवाल्याचे खाडे, त्यांच्याच शेजारी. आज बसून परत मोजल्या. सिस्टर, खरं सांगते, त्यातल्या दोन महिन्यांत मी गोल चौथ्या दिवशी केला होता. त्या दोन्ही वेळी आईकडे होते.

रात्री जेवण झाल्यावर यांना सगळी चर्चा वाचायला दिली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "ती अळशी म्हणजे मला कसं कळणार?" मी म्हटलं, मी सांगेन तेव्हा. निरोधबद्दल म्हणाले की डॉक्टरकडे दोघं जाऊ, तोपर्यंत मधल्या दिवसांत वापरू. शनिवारी जातोय, छाया आणि ते दुसरं साधन दोन्ही विचारणार आहे. काही ठरेपर्यंत तीन-चार महिने नुसती नोंद करेन, भरवसा त्यावर ठेवणार नाही.

एक शेवटचं. यंदा गौरी नेमक्या माझ्या तारखेला येतायत. जाऊबाईंनी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून ठेवल्यात. त्या घेतल्या तर नोंदीचं काय?

रानजाई | रात्री १०.४०

त्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणलेल्या असतील तर आधी शनिवारी डॉक्टरांना दाखव, अर्धशिशीचं सांगून. त्यांनी हो म्हटलं तरच घ्यायच्या की नाही ते तू ठरव. माझ्या आईने आयुष्यभर त्या गोळ्या घेऊन गौरी बसवल्या, मी एकदाही घेतल्या नाहीत. ज्या वर्षी पाळी आली त्या वर्षी नवऱ्याने आणि मुलाने गौरी उभ्या केल्या, मी बाहेरून साडीच्या निऱ्या सांगत होते.

घेतल्यास तर त्या महिन्याचे आकडे आणि तो स्राव दोन्ही गोळीचे असतील, तुझे नव्हेत. पानावर वर 'गोळ्या' लिही आणि पुढचे दिवस कोरे सोड. गोळ्या थांबल्यावर रक्त येईल तेही खऱ्या पाळीत धरू नकोस. त्याच्या पुढची पाळी आली की तिथून नवं पान.

थर्मामीटर घेतलास का?

कृष्णाकाठ | रात्री १०.४४

हो, येताना मेडिकलमधून घेतला. उशीखाली आहे. आज नववा दिवस.